फिट थांबली, तरी मन का सावरत नाही? अपस्मार आणि नैराश्याचं मेंदूतलं नातं

अपस्माराचा रुग्ण तपासणीला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मधल्या काळात फिट आली का?" उत्तर 'नाही' असेल तर डॉक्टर, रुग्ण आणि सोबत आलेलं माणूस, तिघांनाही हायसं वाटतं. त्याच गोळ्या चालू राहतात, पुढची तारीख मिळते. कशात मन रमतं का, चिडचिड होते का, जगणं नकोसं वाटतं का, हे प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातात.

समजा रुग्णानं स्वतःहून सांगितलं की उदास वाटतं, तरी घरच्यांकडे उत्तर तयार असतं. "एवढं मोठं दुखणं मागे लागलंय, माणूस खचणारच ना!"

हे उत्तर मायेपोटी दिलेलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. अपस्मार आणि नैराश्य यांचं नातं 'आजारामुळे आलेलं दुःख' एवढ्यावर संपत नाही, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून समोर आलं आहे. दोन्ही आजारांमध्ये मेंदूचे काही भाग, काही रसायनं आणि काही यंत्रणा सामायिक आहेत. त्यामुळे अनेक रुग्णांच्या बाबतीत नैराश्य हा अपस्मारासोबत येणारा, वैद्यकीय उपचार लागणारा आजार असतो. 'साहजिक आहे' म्हणून तो सोडून दिला, तर त्यावर उपचार होत नाहीत, आणि त्याची किंमत कधीकधी जिवानं मोजावी लागते.

हा प्रश्न किती लोकांचा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातले जवळपास ८० टक्के लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातला आकडा १ कोटीच्या वर असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे या आजाराला फिट येणं, आकडी, मिरगी, फेफरं अशी अनेक नावं आहेत.

यातल्या किती जणांना नैराश्य असतं? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार अपस्मार असलेल्या सुमारे २३ टक्के लोकांना नैराश्य होतं. म्हणजे साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एक. अपस्मार नसलेल्या लोकांशी तुलना केली तर नैराश्याची शक्यता अडीच पटींहून अधिक निघाली.

२००७ मध्ये डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास आला. अपस्मार असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असल्याचं त्यात दिसलं.

आणखी एक निरीक्षण अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. ज्यांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत, अशा रुग्णांचं आयुष्य किती चांगलं चाललंय, हे महिन्याला किती फिट येतात यापेक्षा नैराश्य आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतं. तरीही तपासणीच्या वेळी मोजल्या जातात त्या फिट.

आधी अपस्मार आणि मग नैराश्य, असंच असतं का?

या दोन आजारांचं नातं माणसाच्या नजरेत फार पूर्वी आलं होतं. उदास प्रकृतीच्या माणसांना अपस्मार होतो आणि अपस्मार असलेली माणसं उदास होतात, असं निरीक्षण सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर आहे. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांचे अध्याय एकापाठोपाठ येतात आणि अपस्माराच्या कारणांत चिंता, भय, क्रोध, शोक यांनी ग्रासलेल्या मनाचा उल्लेख आहे. त्या काळची शरीराची कल्पना आजच्यापेक्षा पूर्ण वेगळी होती. पण मन आणि झटके यांचा काहीतरी संबंध आहे, एवढं दोन्हीकडे टिपलं गेलं होतं.

आधुनिक संशोधकांनी याच नात्याची आकडेवारी काढली. २००६ मध्ये आइसलँडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच फिट आलेल्या ३२४ जणांची तुलना तशाच वयाच्या, फिट न आलेल्या ६४७ जणांशी करण्यात आली. ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांना फिट येण्याची शक्यता १.७ पट निघाली. ज्यांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्यांच्यात ती सुमारे पाचपट होती.

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या लाखो नोंदी तपासण्यात आल्या. तिथेही हा रस्ता दुहेरी निघाला. अपस्मार झालेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट होता, आणि नैराश्य आलेल्यांना पुढे अपस्मार होण्याचा धोकाही दुपटीहून जास्त होता.

नैराश्य ही फक्त आजाराची प्रतिक्रिया असती, तर ते आजाराच्या आधी आलं नसतं. ज्याला अजून एकही फिट आलेली नाही, त्याला फिटचं दुःख कसं होईल? त्यामुळे दोन्हींच्या मुळाशी काहीतरी सामायिक असावं, या शक्यतेला या अभ्यासांनी बळ दिलं.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. याचा अर्थ नैराश्य असलेल्या माणसाला पुढे फिट येणारच, असा मुळीच नाही. मुळात अपस्माराचं प्रमाण लोकसंख्येत एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो. नैराश्यातून गेलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही फिट येत नाही.

मेंदूत नेमकं काय घडतं?

मेंदूतल्या अब्जावधी चेतापेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरी आणि रसायनं यांच्या मदतीनं बोलतात. काही रसायनं पेशींना उत्तेजित करतात. ग्लुटामेट हे त्यातलं मुख्य, गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखं. काही रसायनं पेशींना शांत करतात. गाबा हे त्यातलं मुख्य, ब्रेकसारखं. हा तोल बिघडून असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात विद्युत लहरी सोडायला लागल्या की फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार.

नैराश्याचा धागा इथे कुठे जुळतो? संशोधकांनी पाच ठिकाणं दाखवली आहेत.

पहिलं, जागा. मोठ्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या अपस्माराच्या प्रकारांपैकी एक टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात सुरू होतो. याच भागाच्या आत हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला असतात. हिप्पोकॅम्पस आठवणी सांभाळतो, अमिग्डाला भीती आणि भावनांशी जोडलेला आहे. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात अनेकदा हिप्पोकॅम्पस आकसलेला, त्यातल्या पेशी कमी झालेल्या दिसतात. दीर्घकाळ नैराश्य असलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही हिप्पोकॅम्पसचा आकार सरासरीपेक्षा लहान आढळला आहे. भावना जिथे घडतात, त्याच घरात फिटचाही मुक्काम असतो, असं म्हणता येईल.

दुसरं, सेरोटोनिन. नैराश्याच्या चर्चेत या रसायनाचं नाव हमखास येतं. ते पेशींवरच्या ज्या कुलपांमध्ये किल्लीसारखं बसतं, त्यांना रिसेप्टर म्हणतात. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात पेट स्कॅन केल्यावर सेरोटोनिनच्या एका महत्त्वाच्या रिसेप्टरचं काम कमी झालेलं दिसलं आहे. नैराश्याच्या काही रुग्णांमध्येही तसंच आढळलं. जन्मजात फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांच्या एका जातीत सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही दोन्ही रसायनं मुळातच कमी पडतात, आणि ती वाढवली की फिट कमी होतात. मात्र नैराश्य म्हणजे नुसती सेरोटोनिनची कमतरता, हे जुनं सोपं समीकरण आता शास्त्रज्ञ मानत नाहीत. सेरोटोनिन हा कोड्याचा एक तुकडा आहे.

तिसरं, ब्रेक. गाबाचं काम कमी पडलं की फिटचा धोका वाढतो. नैराश्यातही या यंत्रणेचा संबंध असल्याचे पुरावे आहेत, आणि बायकांच्या आरोग्यात तो सगळ्यात ठळक दिसतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो. तो गाबाचा ब्रेक अधिक घट्ट लावतो. पाळीच्या आसपास ही पातळी खाली येते तेव्हा अपस्मार असलेल्या काही बायकांना जास्त फिट येतात. बाळंतपणानंतर ही पातळी वेगानं उतरते आणि काहींमध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी तिचा संबंध जोडला जातो. हाच पदार्थ औषध म्हणून, ब्रेक्सानोलोन या नावानं, अमेरिकेत २०१९ मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झाला. त्याचाच जवळचा रासायनिक भाऊ गॅनॅक्सोलोन २०२२ मध्ये लहान मुलांच्या एका दुर्मिळ, जनुकीय अपस्मारातल्या फिटसाठी मंजूर झाला. ब्रेक एकच, आजार दोन.

चौथं, ताण. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतं. धोका टळला की ते खाली यायला हवं. नैराश्याच्या अनेक रुग्णांमध्ये आणि टेम्पोरल लोबच्या अपस्मारातही ही यंत्रणा गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहते. कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेलं राहिलं तर हिप्पोकॅम्पसला त्याचा त्रास होतो. खूप ताण आला, झोप मोडली की फिट येते, असं अनेक रुग्ण सांगतात, त्यामागेही ही यंत्रणा असू शकते.

पाचवं, दाह. जखम झाली की त्या जागी सूज येते, तशी दाहाची प्रक्रिया मेंदूतही होते. फिटनंतर मेंदूत इंटरल्युकिन-१ बीटासारखे दाह वाढवणारे रेणू तयार होतात. प्रयोगशाळेत अपस्मार झालेल्या उंदरांमध्ये नैराश्यासारखी लक्षणं दिसली, आणि या रेणूचा मार्ग अडवल्यावर ती लक्षणं कमी झाली.

उंदराला कसली आलीय समाजाची भीती?

उंदरांचे प्रयोग इथे एका खास कारणासाठी महत्त्वाचे ठरतात. माणसाच्या बाबतीत नेहमी शंका उरते. त्याला आलेली उदासी आजारामुळे आली, की मोडलेल्या लग्नामुळे, गेलेल्या नोकरीमुळे, की लोकांच्या नजरेमुळे? उंदराला लग्नाची, नोकरीची किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांची चिंता नसते.

वॅग-रिज नावाच्या उंदरांच्या जातीत जन्मजात एक प्रकारचा अपस्मार असतो. त्यात काही सेकंद भान हरपतं. याच उंदरांमध्ये नैराश्यासारखं वागणंही दिसतं. त्यांना गोड पाण्याची ओढ कमी असते आणि पाण्यात सोडल्यावर ते लवकर हात-पाय गाळतात. संशोधकांनी या उंदरांना फिट सुरू होण्याच्या आधीपासूनच अपस्मारावरचं एक औषध दीर्घकाळ दिलं. ते मोठे झाल्यावर त्यांच्यात फिट कमी झाल्या आणि नैराश्यासारखं वागणंही कमी झालं.

उंदराचा मेंदू म्हणजे माणसाचा मेंदू नाही, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा रुग्णांना लावता येत नाही. पण दोन्ही लक्षणं एकाच मुळातून येऊ शकतात, हे या प्रयोगातून दिसलं.

एकच उपचार, दोन आजार

हे नातं उपचारांच्या इतिहासातही सापडतं. मानेतून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला ठरावीक अंतरानं सौम्य विद्युत लहरी देणारं, पेसमेकरसारखं एक यंत्र आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये ते अपस्मारासाठी मंजूर झालं. यंत्र बसवलेल्या रुग्णांची मनःस्थिती सुधारतेय, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे नैराश्याच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि २००५ मध्ये, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीही त्याला मान्यता मिळाली.

लॅमोट्रिजिन आणि व्हॅल्प्रोएट ही मुळात अपस्मारावरची औषधं. आज बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ तीच वापरतात.

सगळ्यात चक्रावणारं उदाहरण शॉक ट्रीटमेंटचं, म्हणजे ईसीटीचं. इटलीत १९३८ मध्ये सुरू झालेल्या या उपचारात रुग्णाच्या मेंदूत नियंत्रित पद्धतीनं फिटच आणली जाते, आणि तीव्र नैराश्यावर तो आजही अतिशय परिणामकारक उपचार मानला जातो. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. मग फिटनं नैराश्य बरं कसं होतं? एक स्पष्टीकरण असं, की आलेली फिट थांबवण्यासाठी मेंदू आपले ब्रेक जोरात लावतो, आणि उपचाराच्या सत्रांसोबत ते ब्रेक बळकट होत जातात. ईसीटी घेत असताना फिट आणण्यासाठी लागणारी विजेची मात्रा वाढत जाते, हे दिसलेलंच आहे. अपस्मारातल्या अनियंत्रित फिटचा मात्र असा फायदा होत नाही. त्या मेंदूला थकवतात आणि धोक्यात टाकतात.

नैराश्य नेहमी उदासीसारखं दिसत नाही

अपस्मारातलं नैराश्य ओळखायला अवघड जातं, कारण ते फिटच्या वेळापत्रकाशी जोडलेलं असू शकतं.

काही जणांना फिट येण्याच्या काही तास किंवा एक-दोन दिवस आधी विनाकारण चिडचिड आणि उदासी जाणवते. घरच्यांना सवयीनं कळतंही, "आता हिला फिट येणार." काही जणांना फिटनंतर काही तास ते काही दिवस खोल निराशा येते. आणि अनेकांमध्ये फिटशी संबंध नसलेल्या मधल्या काळात नैराश्य असतं. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो.

त्यातही लक्षणं पुस्तकात लिहिल्यासारखी नसतात. सलग रडू येण्याऐवजी काही दिवस चिडचिड, राग, भीती, मग अचानक दोन दिवस बरं, असं चक्र चालतं. 'स्वभावच तापट झालाय' म्हणून ते दुर्लक्षित होतं.

औषधांचा दोष किती?

अपस्मारावरची काही औषधंच मनःस्थिती बिघडवू शकतात. भरपूर वापरल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटममुळे काही रुग्णांमध्ये चिडचिड आणि उदासी येते. फिनोबार्बिटोन आणि टोपिरामेटबद्दलही अशीच काळजी घेतली जाते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्ये ११ औषधांच्या १९९ चाचण्या तपासल्या. औषध घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा कृती ०.४३ टक्के लोकांमध्ये, तर औषधाच्या जागी साधी गोळी घेणाऱ्यांमध्ये ०.२२ टक्के लोकांमध्ये आढळली. त्यानंतर या औषधांवर इशारा छापणं सक्तीचं झालं.

पण या आकड्यांचा अर्थ 'गोळ्या बंद करा' असा होत नाही. दोन्ही गटांत प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच होतं. उलट, गोळ्या अचानक बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. नवं औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर स्वभावात बदल दिसला, तर तो डॉक्टरांना लगेच सांगायचा. बहुतेक वेळा मात्रा बदलण्याचा किंवा दुसऱ्या औषधाचा पर्याय असतो.

नैराश्याच्या गोळीनं फिट वाढते का?

उपचारात सगळ्यात मोठा अडथळा ठरतो तो हा समज. नैराश्यावरच्या गोळ्या फिट आणतात, असं रुग्णांनाच नव्हे तर अनेक डॉक्टरांनाही वाटतं. परिणामी न्यूरोलॉजिस्ट म्हणतात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, मानसोपचारतज्ज्ञ अपस्माराचं नाव ऐकून हात आखडता घेतात, आणि रुग्ण मध्येच लटकतो.

या भीतीला थोडा आधार आहे. क्लोमिप्रामिन आणि जास्त मात्रेतलं ब्युप्रोपिऑन यांसारख्या काही औषधांनी फिटचा धोका वाढतो. मात्र सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवता येत नाहीत. २००७ मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांची एकत्रित आकडेवारी तपासली गेली. धोक्याची मोजकी औषधं वगळता, गोळी घेणाऱ्यांमध्ये फिटचं प्रमाण साधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं, जवळपास निम्मं. आणि नैराश्य असूनही ज्यांना खरं औषध मिळत नव्हतं, त्यांच्यात फिटचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे दोष अनेकदा गोळीचा नसून नैराश्याचा असतो.

अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२२ मध्ये उपचारांच्या शिफारशी जाहीर केल्या. औषधाची गरज असेल तेव्हा सेरोटोनिनवर काम करणारी एसएसआरआय गटातली औषधं पहिली पसंती म्हणून त्यात सुचवली आहेत. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि मानसोपचार हा पर्याय आहेच. कोणतं औषध, किती मात्रेत, आणि अपस्मारावरच्या गोळ्यांसोबत ते कसं जुळवायचं, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

मग समाजाचा काहीच दोष नाही?

जीवशास्त्र समजून घ्यायचं म्हणजे समाजाला मोकळं सोडायचं, असं नाही. भारतात १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख वेडेपणाच्या जोडीनं होता आणि त्या आधारावर लग्न रद्द ठरवता येत होतं. त्या वर्षी दुरुस्ती होऊन हा शब्द काढला गेला. कायदा बदलला, पण स्थळ बघताना फिटची गोष्ट लपवण्याचं दडपण आजही अनेक घरांत आहे. सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या लपून घेतात किंवा बंदच करतात. फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवला जातो, देवऋषाकडे नेलं जातं. या सगळ्यात उपचाराची वर्षं निघून जातात. औषधं वेळेवर मिळाली तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटपासून मुक्त राहू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लपवण्याचा ताण मनापुरता राहत नाही. सततची भीती शरीरातली कॉर्टिसॉलची यंत्रणा चालू ठेवते, झोप मोडते, आणि या दोन्ही गोष्टी फिट आणि नैराश्य, दोन्हींना खतपाणी घालतात. त्यामुळे 'हे सामाजिक की जैविक' हा वाद फारसा उपयोगाचा नाही. लोकांनी दिलेली वागणूकही शेवटी त्याच मेंदूपर्यंत पोहोचते.

काय बदलता येईल?

सुरुवात फारशी खर्चिक नाही. अपस्माराच्या रुग्णांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी अवघ्या सहा प्रश्नांची एक चाचणी २००६ पासून उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातून आनंद मिळाला का, सतत अपराधी वाटलं का, मेलेलं बरं असं वाटलं का, अशा आशयाचे ते प्रश्न आहेत. झोप आणि थकवा यांबद्दलचे प्रश्न त्यात मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण तो गोळ्यांचा परिणामही असू शकतो. प्रतीक्षागृहात बसल्या बसल्या काही मिनिटांत ही चाचणी भरून होते. ती निदान करत नाही, पण कोणाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं, ते दाखवते.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा स्वीकारला. अपस्मारावरच्या सेवा २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवणं, हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. या सेवांमध्ये मनाची तपासणी धरली जाणार का, हा प्रश्न भारतासाठी महत्त्वाचा आहे. कारण तालुक्याच्या ठिकाणी न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही क्वचितच भेटतात. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आणि आशा ताईंनी गोळ्या घेतल्या का, हे विचारताना मन कसं आहे, हेही विचारलं, तरी अनेक रुग्ण वेळेत सापडतील.

घरच्यांनाही करण्यासारखं बरंच आहे. फिटच्या तारखा लिहून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. त्याच वहीत मनःस्थितीची एक ओळ लिहिली, तर चिडचिड फिटच्या आधी होते, नंतर होते की नव्या गोळीपासून सुरू झाली, हे डॉक्टरांना कळतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला हवं. पुण्यातलं संवेदना फाउंडेशन आणि मुंबईतलं एपिलेप्सी फाउंडेशन यांसारख्या संस्था रुग्ण आणि कुटुंबांसाठी काम करतात. आपल्यासारखीच इतर माणसं भेटली की लपवण्याचं ओझं बरंच हलकं होतं.

आत्महत्येचे विचार येत असतील तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं. मराठीतही बोलता येतं. फोन करताना अपस्मार आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आवर्जून सांगावं. ती माहिती मनाच्या उपचारासाठीही तेवढीच महत्त्वाची आहे.